नाद पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा

१९९६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टपाल खात्यात काम करणाऱ्या एका महिलेला बक्षीस लागले. बक्षीस म्हणजे काडेपेटीहून जेमतेम मोठा असा पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर नारिंगी पार्श्वभूमीवर रंगवलेला, मधोमध भांग पाडलेला एक रुंद चेहऱ्याचा खेळाडू. एका मोठ्या दुकानसाखळीने भागीदारीत हा तुकडा ५ लाख डॉलरला विकत घेऊन ग्राहकांच्या स्पर्धेसाठी ठेवला होता. विजेतीचा आनंद फार काळ टिकला नाही. अमेरिकेत बक्षिसाच्या बाजारभावावर प्राप्तिकर भरावा लागतो आणि तो रोख भरावा लागतो. पगारदार माणसाने एवढा कर आणायचा कोठून? त्याच वर्षी ते कार्ड लिलावात गेले आणि सुमारे ६ लाख ४० हजार डॉलरला विकले गेले. जिंकलेली वस्तू घरात ठेवणे परवडत नाही म्हणून ती विकावी लागण्याचा हा प्रकार बेसबॉल कार्डांच्या जगात मात्र कोणाला फारसा विचित्र वाटला नाही. त्या जगात याहून विचित्र गोष्टी रोज घडतात.

त्या तुकड्यावरचा खेळाडू होता पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा होनस वॅग्नर. कार्ड १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या मालिकेतील. बेसबॉल कार्डाचा जन्मच मुळी तंबाखूच्या दुकानातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत, आतल्या सिगारेटी चेंगरत. म्हणून पाकिटात एक कडक पुठ्ठा घालण्याची पद्धत पडली, आणि कोरा पुठ्ठा घालण्यापेक्षा त्यावर नट्या, सेनापती, पक्षी किंवा खेळाडू छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागते, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. वॅग्नरने मात्र आपले चित्र छापण्यास नकार दिला. लहान मुलांनी आपल्या चित्रापायी सिगारेटी विकत घेऊ नयेत, अशी त्याची भूमिका होती, असे बहुतेक जण सांगतात. योग्य मोबदला न मिळाल्याने तो अडून बसला, असे काही जण म्हणतात. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, हे लक्षात घेतले तर दुसऱ्या तर्कालाही थोडी जागा उरते. परंतु त्याची परवानगी मिळवून देण्याबद्दल पिट्सबर्गच्या ज्या वार्ताहराला १० डॉलर मिळायचे होते, त्याचे नुकसान होऊ नये म्हणून वॅग्नरने पदरचा १० डॉलरचा धनादेश त्याला पाठवला, अशी बातमी १९१२ साली छापून आली होती. छपाई थांबली तोवर थोडी कार्डे बाहेर गेलीच होती. आज त्यातली साठाच्या आतबाहेर शिल्लक आहेत.

हा झाला पूर्वेतिहास. प्रौढ माणसे या पुठ्ठ्यांच्या मागे का लागतात, याचे उत्तर मात्र तंबाखूत नाही. ते च्युइंग गममध्ये आहे. १९३३ साली गौडी या गम बनवणाऱ्या कंपनीने मुलांसाठी २४० कार्डांची मालिका काढली आणि त्यातला १०६ क्रमांक छापलाच नाही. मुले बिचारी तो क्रमांक मिळेल या आशेने गम चघळत राहिली. अखेर ज्यांनी कंपनीला पत्रे लिहून जाब विचारला, त्यांना पुढल्या वर्षी नॅप लाजोए या जुन्या खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड टपालाने पाठवण्यात आले. ज्यांनी तक्रार केली नाही, त्यांना काहीच नाही. साहजिकच आज त्या मालिकेतले सर्वांत दुर्मीळ कार्ड तेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीत काम करणाऱ्या साय बर्जर या तरुणाने १९५१ च्या शरद ऋतूत आपल्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पुढल्या वर्षीच्या कार्डांचा आराखडा तयार केला. पुढच्या बाजूला खेळाडूचे रंगीत चित्र, संघाचे बोधचिन्ह, सही. मागच्या बाजूला त्याची थोडकी माहिती आणि गेल्या वर्षीची व एकूण कारकिर्दीची आकडेवारी. क्रिकेटप्रेमी माणसाला या मागच्या बाजूचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. पन्नास-साठच्या दशकांत वाढलेल्या कित्येक अमेरिकन मुलांनी सरासरी आणि टक्केवारी हे विषय शाळेच्या फळ्यावरून कमी आणि या करड्या पुठ्ठ्यांवरून अधिक शिकून घेतले. कार्डे सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत अडकवून फटफट आवाज काढला जाई, भिंतीवर फेकून जुगार खेळला जाई, रबरबँड बांधून बुटांच्या खोक्यात ठेवली जात. मग मुलगा कॉलेजला जाई, आणि आई एक दिवस खोली आवरायला घेई.

ही आई अमेरिकेच्या लोककथेतलेच एक पात्र होऊन बसली आहे. चाळिशीतल्या कोणत्याही संग्राहकाला विचारावे, त्याच्या आईने खोके फेकून दिलेले असतेच, आणि त्या खोक्यात मिकी मॅन्टलचे १९५२ चे कार्डही असतेच. या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्नच आहे. १९५२ च्या मालिकेतला ३११ ते ४०७ क्रमांकांचा शेवटचा भाग बाजारात आला तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, दुकानदारांना तो माल नको होता. न खपलेली खोकी गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिली. १९६० च्या सुमारास खुद्द बर्जरनेच ती एका तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात बुडवली. मॅन्टलचा क्रमांक ३११, म्हणजे तोही त्या जलसमाधीत. गंमत म्हणजे त्या शेवटच्या भागात मॅन्टलचे कार्ड इतरांच्या दुप्पट छापलेले होते, आणि ते त्याचे पहिले कार्डही नव्हे. पहिले १९५१ साली बोमन या दुसऱ्या कंपनीने काढले होते. पण आवड अशा हिशेबांवर चालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कार्डाची एक अत्युत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. विकणाऱ्याने ती १९९१ साली ५० हजार डॉलरला घेतली होती.

सत्तरच्या दशकात ती फेकलेली खोकी असलेली मुले मिळवती झाली आणि हरवलेले परत विकत घेऊ लागली. येथून या छंदाचे स्वरूप पालटले. ज्याला वस्तू परत हवी आहे त्याच्यापाशी पैसा आहे, हे कळायला बाजाराला वेळ लागत नाही. जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने कार्डांच्या भावांची पद्धतशीर पुस्तके काढली, १९८४ पासून त्याचे मासिकही निघू लागले. आता कोणत्याही गल्लीतल्या पोराला आपल्या खोक्यात किती डॉलरचा ऐवज आहे हे छापील पानावर पाहता येऊ लागले. १९८० च्या न्यायालयीन निकालामुळे टॉप्सची मक्तेदारी सुटली आणि १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्याही मैदानात उतरल्या. १९८९ साली अपर डेक आली. तिचा कागद गुळगुळीत, पाकीट चकचकीत, नकली माल ओळखता यावा म्हणून प्रत्येक कार्डावर होलोग्राम. तिच्या पहिल्याच मालिकेतला पहिला क्रमांक होता एकोणीस वर्षांच्या केन ग्रिफी ज्युनियरचा.

त्यानंतरची चार-पाच वर्षे म्हणजे या छंदाच्या इतिहासातला सर्वांत आनंदी आणि सर्वांत मूर्ख कालखंड. बाप मुलांसाठी कार्डांची न उघडलेली खोकी विकत घेऊन माळ्यावर ठेवू लागले. अठरा वर्षांनी ती विकून कॉलेजची फी भरायची, असा हिशेब. आजोबांच्या काळातली कार्डे महाग का झाली, याचे कारण मात्र या हिशेबात कोणी धरले नाही. ती महाग होती कारण ती फाटली, भिजली, फेकली गेली, समुद्रात बुडाली. आता प्रत्येक जण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवत होता आणि कंपन्या अहोरात्र छापत होत्या. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ व्हावी कशी? १९८७ सालच्या टॉप्सच्या लाकडी नक्षीच्या चौकटीतली ७९२ कार्डांची मालिका आज कोणाच्याही तळघरात सापडते आणि तिला गिऱ्हाईक मिळणे कठीण. संग्राहक या काळालाच ‘जंक वॅक्स’ म्हणतात, म्हणजे मेणकागदात गुंडाळलेली रद्दी. ग्रिफीच्या त्या कार्डाच्याही दहा लाखांवर प्रती असाव्यात, असा अंदाज केला जातो.

भविष्य ओळखण्याचा जुगार तर याहून निर्दय. १९९१ साली न्यूयॉर्क यांकीजने ब्रायन टेलर या शाळकरी गोलंदाजाला, बेसबॉलच्या भाषेत ‘पिचर’ला, सर्वांआधी निवडले आणि १५ लाख ५० हजार डॉलर देऊन करारबद्ध केले. त्याची कार्डे लोकांनी गठ्ठ्यांनी साठवली. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा निखळला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. मार्क मॅक्ग्वायरचे उदाहरण वेगळे. १९९८ साली त्याने एका हंगामात ७० होम रन मारले तेव्हा ऑलिम्पिक संघाच्या गणवेशातल्या त्याच्या १९८५ च्या कार्डाने आकाश गाठले. उत्तेजक द्रव्यांचा संशय बळावत गेला तसा भाव उतरत गेला, आणि २०१० साली त्याने कबुलीही दिली. कार्ड मात्र तेच आहे. त्यावरचा तरुण अजून तसाच हसतो. १९९४ साली खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिज रद्द झाली, आणि गल्लोगल्ली उघडलेली कार्डांची दुकाने एकेक करून बंद होऊ लागली.

हे सारे ठाऊक असूनही माणसे गोळा करीत राहतात. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. पण रात्री मुले झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर कार्डे क्रमाने लावत बसलेल्या माणसाला भावांच्या तक्त्याची आठवण असतेच असे नाही. त्याच्या खिशात हरवलेल्या क्रमांकांची चिठ्ठी असते. सहाशे साठ कार्डांच्या मालिकेत सहाशे सत्तावन्न जमली की उरलेल्या तिघांची नावे पाठ होतात, मग ते खेळाडू कितीही सामान्य असोत. उलट ज्यांची कारकीर्द दोन हंगामांत आटोपली, अशांवरच काहींचे प्रेम जडते. आपल्या गावच्या संघाचा प्रत्येक खेळाडू, मग तो बाकावर बसून परतलेला का असेना, जमवायचा, असा पण केलेली माणसे आहेत. सिगारेटच्या पाकिटातल्या त्या जुन्या मालिकेत ५२४ कार्डे. तिला संग्राहक ‘मॉन्स्टर’ म्हणजे राक्षस म्हणतात. वॅग्नर आपल्याला कधी मिळणार नाही, हे मान्य करून उरलेल्यांच्या मागे आयुष्याची वीस-वीस वर्षे लावणारे त्या राक्षसाशी समाधानाने झुंजत असतात.

आणखी एक सुख टपालाचे. निवृत्त खेळाडूचा पत्ता मिळवायचा, त्याचे जुने कार्ड, दोन ओळींचे पत्र आणि परतीचे तिकीट लावलेला लिफाफा पाठवायचा आणि विसरून जायचे. कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन वर्षांनी आपल्याच हस्ताक्षरातला पत्ता असलेला लिफाफा दारात येतो. आत सही असते, क्वचित एखादी ओळ. कधी कार्ड कोरेच परत येते, कधी येतच नाही, आणि कधी त्या खेळाडूच्या निधनाची बातमी लिफाफ्याआधी पोहोचते.

छपाईतल्या चुका हा तर प्रौढ संग्राहकांचा खास आवडता प्रांत. १९५७ च्या हँक ॲरनच्या कार्डात निगेटिव्ह उलटी लागल्याने तो डावखुरा दिसतो. १९६९ साली ऑरेलिओ रॉड्रिग्ज म्हणून ज्याचे छायाचित्र छापले, तो त्या संघाच्या बॅटी उचलून ठेवणारा पोरगा निघाला. १९८९ मधल्या बिली रिपकेनच्या कार्डावर त्याच्या बॅटीच्या बुंध्याला लिहिलेली अर्वाच्य शिवी कोणाच्याच नजरेस पडली नाही. कार्डे बाजारात गेल्यावर कंपनीची धावपळ उडाली. मग कोठे पांढऱ्या रंगाने, कोठे गिरगोटून, कोठे काळा चौकोन छापून ती शिवी झाकण्यात आली. परिणाम असा, की झाकण्याची प्रत्येक तऱ्हा हेच एक स्वतंत्र कार्ड ठरले, आणि पोक्त, सुशिक्षित, जबाबदार माणसे एका शिवीच्या सर्व आवृत्त्या पूर्ण करण्यासाठी वर्षानुवर्षे धडपडू लागली. आपल्याकडे १९९० च्या दशकात गमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेल्यांना हे वेड सर्वस्वी परके वाटू नये.

फजितीचे प्रकार किती सांगावेत! जपण्याच्या अतिरेकात कार्डे जितकी बिघडली असतील, तितकी कदाचित रबरबँडने बिघडली नसतील. ऐंशीच्या दशकात अनेकांनी कार्डे पीव्हीसीच्या मऊ पानांत घातली. वर्षांनी ते प्लॅस्टिक चिकट झाले आणि कार्डाच्या पृष्ठभागावर डाग उमटले. मौल्यवान कार्डे स्क्रू आवळून बंद करण्याच्या जाड प्लॅस्टिकच्या तावदानांत ठेवली, तर स्क्रू अधिक आवळल्याने पुठ्ठा दबून पसरला. अभिमानाने दिवाणखान्यात टांगलेली सही उन्हाने उडून गेली. खुद्द गमचा तुकडाही शेजारच्या कार्डावर डाग पाडतो म्हणून संग्राहकांनी तक्रारी केल्या, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉप्सने पाकिटातून गम काढून टाकला. ज्या वासापायी माणसे या छंदाकडे परतली होती, तोच त्यांनी तक्रार करून घालवला.

कार्डाची प्रत किती चांगली, यावरून विकणारा आणि घेणारा यांत वाद होणारच. हा वाद मिटवण्यासाठी १९९१ साली पीएसए ही संस्था निघाली. ती कार्ड तपासते, १ ते १० असा गुण देते आणि ते सीलबंद प्लॅस्टिकमध्ये घालून परत पाठवते. नऊ आणि दहा गुणांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, किमतीत मात्र तो कित्येक पटींनी दिसतो. या संस्थेने तपासलेले सर्वांत पहिले कार्ड कोणते? तेच वॅग्नरचे, जे पुढे फ्लोरिडातल्या त्या महिलेला लागायचे होते. तेव्हा ते प्रसिद्ध आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांच्या मालकीचे होते; त्यांनी ते १९९१ साली सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले होते. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सिगारेटच्या पाकिटातला पुठ्ठा, पण कडा कशा चाकूसारख्या! त्याला ८ गुण मिळाले. त्या कडांबद्दल जाणकारांत पहिल्यापासून कुजबुज होती. ऐंशीच्या दशकात हे कार्ड २५ हजार डॉलरला मिळवून पुढे विकणारा बिल मास्ट्रो हा पुढे या धंद्यातला सर्वांत मोठा लिलावदार झाला. २०१३ साली फसवणुकीच्या खटल्यात त्याने न्यायालयात मान्य केले, की ते कार्ड आपण कापून नीट केले होते. २०१५ साली त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. तोवर ते कार्ड, १९९६ नंतर आणखी हात बदलत, २००७ साली २८ लाख डॉलरला ॲरिझोना डायमंडबॅक्स संघाचे केन केंड्रिक यांच्याकडे पोहोचले होते. कात्री लागल्याचे सिद्ध होऊनही त्याची कीर्ती कमी झाली नाही. उलट त्या कार्डाला आता चरित्र आहे.

कोरोनाच्या काळात घरी अडकलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांनी माळे उपसले आणि सारे चक्र पुन्हा फिरले. पीएसएकडे कार्डांचा एवढा पूर आला, की मार्च २०२१ मध्ये तिला बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधील एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाल्यावर टार्गेट या दुकानसाखळीने कार्डांची दुकानातली विक्रीच तात्पुरती बंद केली. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सने टॉप्सचा कार्डांचा व्यवसाय विकत घेतला. आता पाकिटात खेळाडूच्या अंगावरच्या सदऱ्याचा तुकडा, सही, जगात एकच प्रत असलेले कार्ड, अशी आमिषे असतात. २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिस परिसरातल्या अकरा वर्षांच्या एका मुलाला पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचे असेच एकुलते एक कार्ड निघाले. ते मिळावे म्हणून पायरेट्स संघाने तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली होती. कुटुंबाने ते लिलावात पाठवले आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला गेले. पाकीट उघडणारे बहुतेक प्रौढ असतात, आणि त्यांना बहुधा निघतो एखाद्या राखीव क्षेत्ररक्षकाचा चेहरा.

या सर्वांचा मूळ पुरुष मात्र पैशाच्या वाटेला कधी गेला नाही. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या जेफरसन बर्डिक याने अविवाहित राहून, बेताच्या पगारात, तीन लाखांहून अधिक छापील चित्रे गोळा केली. त्यातली सुमारे तीस हजार बेसबॉलची. त्यांची सूची त्यानेच प्रथम केली. वॅग्नरच्या मालिकेला आज जगभर ‘टी २०६’ म्हणतात, ते नाव त्याने दिलेले. ‘टी’ म्हणजे टोबॅको. त्या सूचीत वॅग्नरचा भाव होता ५० डॉलर. संधिवाताने त्याची बोटे वाकडी होत गेली, तसा त्याने १९४७ पासून आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देण्यास प्रारंभ केला. मुद्रितचित्र विभागाच्या कोपऱ्यातल्या एका मेजावर बसून तो एकेक कार्ड वह्यांत लावत असे. १० जानेवारी १९६३ रोजी त्याने शेवटचे कार्ड लावले, आपले काम संपल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. दोन महिन्यांनी तो वारला.

संग्रहालय त्यातली थोडी थोडी कार्डे आळीपाळीने मांडते. वॅग्नरही त्या संग्रहात आहे. कार्डे वह्यांत बसवताना बर्डिकने ती मागून चक्क गोंदाने चिकटवली होती, आणि गोंद लागलेल्या पुठ्ठ्याला आजचा कोणताही परीक्षक अगदी खालचा गुण देईल.